हजारोंची चर्चा मोबाईलवर घडवता येईल काय?



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त अशी माहिती वाचता. या अंकी विषय वेगळा घेतला आहे, तरी तो शेतीबाहेरचा नाही. उसाला पाणी लागते, पाण्याला नदी लागते, आणि त्या नदीवर हक्क सांगणारी माणसे आता चावडीत न भेटता मोबाईलवर भेटतात. तेथे ती काय बोलतात यापेक्षा त्यांचे कोणते बोलणे इतरांपर्यंत पोहोचते, ही गोष्ट मोठी आहे. पोहोचवणारे ते यंत्र कसे चालते, ते आज भांडणाच्या बाजूला का झुकलेले आहे, आणि त्याला विचारविनिमयाच्या कामी जुंपता येईल काय, एवढाच या लेखाचा आवाका. मध्ये थोडे गणित आहे. पण ते ऊसबिलाच्या गणितापेक्षा सोपे आहे.

तोडणी कार्यक्रम आणि अल्गोरिदम

'अल्गोरिदम' हा शब्द हल्ली टीव्हीवर वरचेवर ऐकू येतो आणि काहीतरी गूढ आहे असे वाटते. वास्तविक प्रत्येक ऊसकरी दर हंगामात एका अल्गोरिदमशी झगडत असतो. त्याचे नाव तोडणी कार्यक्रम.

कारखान्याकडे हजारो एकरांची नोंद असते. टोळ्या आणि वाहने मोजकी असतात. सर्वांचा ऊस एका दिवसात तोडता येत नाही, म्हणून कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर याचा काहीतरी नियम लागतो. लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा, पक्वता किती झाली, हे पाहून क्रम लावायचा. नोंदी आत घालायच्या, नियम लावायचा, बाहेर यादी येते. याला अल्गोरिदम म्हणतात. त्यात जादू नाही. तो चांगला की वाईट हे त्यातल्या नियमावर ठरते, आणि नियम माणसाने ठरवलेला असतो.

आता क्षणभर असे धरून चाला की कारखान्याने नियम बदलला. लागणीची तारीख बघायची नाही. गट ऑफिसच्या दारात ज्याचा आरडाओरडा जास्त त्याची तोड आधी. पहिल्या वर्षी काय होईल? चार भांडखोर गड्यांचा ऊस आधी जाईल आणि शांत माणसाच्या आडसालीला तुरा येईल. दुसऱ्या वर्षी काय होईल ते अधिक महत्त्वाचे. शांत माणूससुद्धा ओरडायला शिकेल. तिसऱ्या वर्षी गट ऑफिससमोर जत्रा भरेल आणि बाहेरचा कोणी म्हणेल, "या भागातले लोक मुळातच भांडकुदळ!" लोक तेच आहेत. नियमाने त्यांना तसे केले.

समाजमाध्यमांवर नेमके हेच घडले. फेसबुक उघडल्यावर तुमच्या ओळखीच्या शेकडो लोकांचा मजकूर तुमच्यासाठी थांबलेला असतो. तो सगळा दाखवता येत नाही, म्हणून कंपनी क्रम लावते. क्रमाचा हेतू एकच : माणूस पडद्यावर जास्त वेळ थांबला पाहिजे, कारण जाहिरात त्या वेळात विकली जाते. कोणत्या मजकुरावर लोक थांबतात, तावातावाने उत्तर देतात, पुढे पाठवतात, ते वर चढते. २०२१ साली कंपनीची अंतर्गत कागदपत्रे वर्तमानपत्रांत आली, त्यांतून एक गोष्ट उघड झाली. २०१७ पासून रागाचा लाल चेहरा, हसरा चेहरा वगैरे खुणांना साध्या पसंतीच्या अंगठ्यापेक्षा पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे एखादा मजकूर वाचून शंभर माणसे चिडली तर तो पाचशे माणसांना आवडल्याइतका वर जायचा. कंपनीच्याच लोकांना पुढे आढळले की ज्या मजकुरावर रागाचे चेहरे फार, त्यात खोटेनाटे आणि विखारी पुष्कळ. तेव्हा ते वजन टप्प्याटप्प्याने कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणले. एक आकडा खाली आणला, एवढेच. पण मधल्या तीन वर्षांत जगभर किती घरांत भांडणे लागली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या भागात निम्मे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर होते, आणि गटात असा वरखाली क्रम नसतो. आलेला निरोप आल्या क्रमाने दिसतो. पण नियम तेथेही आहे, तो पुढे ढकलण्याचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. त्या काळात देशात इतरत्रही अशाच अफवांनी बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. माणसाचा स्वभाव बदलायला पिढ्या लागतात. पाटाचे दार मात्र एका दिवसात खाली ओढता येते. ते आधी ओढले असते तर, हा प्रश्न राहतोच.

एकमुखी आवाज आणि विचारविनिमय

समाजमाध्यमांना नुसती नावे ठेवणेही बरोबर नाही. जुलै २०२५ अखेर नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत वनताराला नेण्यात आली, तेव्हा काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. चार दिवसांत मोबाईलवरून सह्यांची मोहीम उभी राहिली, सिमकार्डे बदलली गेली, आणि ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत लोक चालत निघाले. पूर्वीच्या काळी एवढी जुळवाजुळव करायला पत्रके छापून गावोगाव जीप फिरवावी लागली असती. सगळ्यांचे म्हणणे एक असेल तर हे माध्यम ते म्हणणे वाऱ्यासारखे पसरवते.

अडचण येते ती म्हणणे दोन असतील तेव्हा. आणि आपल्या भागातला सर्वांत मोठा प्रश्न असाच दोन म्हणण्यांचा आहे. तो इचलकरंजीच्या पिण्याच्या पाण्याचा.

विषय सर्वांना माहीत आहे, तरी मांडणीसाठी थोडक्यात सांगतो. इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव पंचगंगेच्या काठी वसले, पण पंचगंगेचे पाणी पिण्याच्या लायकीचे उरले नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजीचे सांडपाणी, काठच्या गावांचे सांडपाणी, कापड प्रक्रियेचे पाणी, आणि साखर कारखानदारीचे पाणीही त्यात आहे. हे एका कारखान्याच्या पत्रिकेत छापायला संकोच वाटू नये. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक उन्हाळ्यांत आल्या आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि तिने माणसे नेली. कृष्णेवरील मजरेवाडीहून आणलेल्या पाण्याची नळवाहिनी वारंवार फुटते, आणि लोकांना काही दिवसांआड पाणी मिळण्याची सवय करून घ्यावी लागली. म्हणून शहराने वारणेकडे पाहिले. २०१८ साली दानोळीकरांनी आणि वारणाकाठाने ते होऊ दिले नाही. मग दूधगंगेवर सुळकूड (ता. कागल) येथून पाणी उचलण्याची सुमारे १६० कोटींची योजना केंद्राच्या अमृत-२ कार्यक्रमात मंजूर झाली; तिला दूधगंगाकाठाने विरोध केला. २०२३ आणि २०२४ मध्ये इकडे शहरात आंदोलन आणि तिकडे काठावर आंदोलन, अशी स्थिती झाली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नाही, ही खरी पंचाईत आहे. शहरातल्या बाईला घागरीसाठी टँकरची वाट पाहावी लागते. काठावरच्या शेतकऱ्याला वाटते, काळम्मावाडी धरण सुमारे २५ टीएमसीचे, त्यातले कर्नाटकला जाणार, धरणाला गळती, उन्हाळी पाळ्या आधीच लांबतात. त्यात आणखी एक तोंड लागले तर माझा खोडवा वाळेल. शिवाय त्याचा एक रोकडा सवाल आहे : "तुमच्या दाराची नदी तुम्ही घाण केली, आता आमची मागता?" या सवालाला उत्तर द्यावेच लागेल.

या वादात मोबाईलवर काय फिरले ते आठवा. रक्त सांडू पण पाणी देणार नाही, हे फिरले. शहर विरुद्ध गाव, हे फिरले. 'आमच्या वाट्याच्या पाण्याची हमी कायद्याने लिहून दिली तर बोलणी करू' असे म्हणणारा माणूस काठावर नसेल काय? 'आधी आमचे सांडपाणी शुद्ध करू, मग दूधगंगेकडे हात पसरू' असे म्हणणारा शहरात नसेल काय? माझ्या नोकरीत गावोगाव बांधावर उभे राहून बोलणे होते, त्यावरून सांगतो, अशी माणसे दोन्हीकडे भरपूर आहेत. पुष्कळांचे तर शेत नदीकाठी आणि पोरगा इचलकरंजीत मागावर! त्यांचे वाक्य वर चढले नाही, कारण त्यावर कोणी चिडत नाही. आरड्याच्या नियमात समजुतीच्या वाक्याची तोड शेवटी येते.

दुसरा नियम

आता अभ्यासाचा मुख्य भाग. क्रम लावण्याचा नियम बदलता येतो काय? येतो, आणि तो काही ठिकाणी लावून पाहिलेला आहे.

सिएटल येथील काही तरुणांनी २०१२ च्या सुमारास 'पोल.इस' नावाची एक व्यवस्था तयार केली. (उच्चार आपल्या पोलिसांशी जुळतो, पण काही संबंध नाही.) तिची रीत अशी. एक विषय मांडतात. कोणीही त्यावर एक लहान विधान लिहावे. इतरांनी त्या विधानावर तीनपैकी एक उत्तर द्यावे : पटते, पटत नाही, किंवा सांगता येत नाही. बस. समोरच्याला उत्तर लिहिण्याची सोयच नाही. वाद घालायचा असेल तर आपले स्वतंत्र विधान लिहा. ते इतरांपुढे जाईल. या एका बंधनाने शिवीगाळीचे मूळच तुटते, कारण शिवी द्यायला समोर माणूस नाही, फक्त वाक्य आहे.

पुढचे काम यंत्राचे. कोणी कोणत्या विधानांना पटते म्हटले याचा तक्ता तयार होतो आणि सारखी उत्तरे देणारी माणसे एकत्र येतात. को ८६०३२ आणि को.एम. ०२६५ यांच्या मोळ्या मिसळल्या, तरी सराईत माणूस कांडी, डोळा आणि पान पाहून दोन ढीग करतो. यादी लागत नाही. तसे यंत्र जात, गाव, पक्ष न विचारता केवळ उत्तरांवरून गट ओळखते. दोन निघतील, तीन निघतील. मग विधानांचा क्रम लावला जातो, आणि येथे खरा फरक आहे.

उदाहरणार्थ, एक हजार माणसे आहेत. यंत्राला दोन गट दिसले. मोठा ९०० चा, लहान १०० चा. विधान 'अ' मोठ्या गटातल्या १०० पैकी ९५ जणांना पटते, लहान गटात १०० पैकी १० जणांना. विधान 'ब' दोन्ही गटांत १०० पैकी ७० जणांना पटते. साध्या बेरजेने पाहिले तर 'अ' ला ८५५ अधिक १०, म्हणजे ८६५ मते. 'ब' ला ६३० अधिक ७०, म्हणजे ७०० मते. बहुमताने 'अ' जिंकले. आता बेरजेऐवजी गटागटाचे प्रमाण गुणा. 'अ' : ०.९५ गुणिले ०.१० बरोबर ०.०९५. 'ब' : ०.७० गुणिले ०.७० बरोबर ०.४९. येथे 'ब' पाचपटीने वर आले. गुणाकारात एक बाजू शून्याकडे गेली की सगळेच शून्याकडे जाते, म्हणून कोणत्याही एका गटाला अजिबात न पटणारे विधान वर येऊच शकत नाही, मग दुसरा गट कितीही मोठा असो. उसाला नत्र भरपूर आणि पालाश शून्य दिले तर उतारा मिळत नाही, तसेच हे आहे.

याचा अर्थ असाही होतो की वर यायचे असेल तर लोक विरुद्ध गटाला पटेल असे वाक्य लिहायला लागतात. पहिल्या नियमाने ओरडायला शिकवले. दुसरा नियम समोरच्याचा विचार करायला लावतो.

तैवानमध्ये २०१४ साली विद्यार्थ्यांनी संसद सुमारे तीन आठवडे ताब्यात ठेवली होती. त्या आंदोलनातल्या संगणकाच्या जाणकारांना बरोबर घेऊन सरकारने 'व्ही-तैवान' नावाचा उपक्रम सुरू केला. २०१५ मध्ये त्यांच्यापुढे उबर टॅक्सीचा तंटा आला. एका बाजूला परवानाधारक टॅक्सीवाले, दुसऱ्या बाजूला उबरचे चालक आणि प्रवासी. पहिल्यांदा दोन ढीग स्पष्ट दिसले. पण पोल.इसवर काही आठवडे विधाने येत राहिली तसे असे दिसले की प्रवाशाचा विमा हवा, चालकाची नोंद आणि परवाना हवा, कर सर्वांना सारखा हवा, या गोष्टी दोन्ही ढिगांना मान्य आहेत. उबर ठेवायची की घालवायची हा मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि या अटींवर पुढचे नियम बेतले गेले. अमेरिकेत केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन शहरात २०२५ च्या आरंभी शहराच्या पुढील पंचवीस वर्षांबद्दल असेच लोकांना विचारण्यात आले, तर सुमारे आठ हजार रहिवासी सामील झाले आणि विधानांवर दहा लाखांहून जास्त उत्तरे आली. आठ हजार माणसांची सभा कोणत्या मंडपात भरवणार, आणि भरवली तरी बोलणार किती?

ट्विटर, ज्याचे नाव आता एक्स आहे, तेथे २०२१ पासून खोट्या मजकुराखाली वाचकांनीच टीप लिहायची पद्धत आहे. ती टीप सर्वांना केव्हा दिसते? नुसती जास्त मते मिळाली म्हणून नाही. एरवी ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती उपयोगी म्हटली तरच. तत्त्व तेच. त्याची कमजोरीही तेथेच कळते : दोन्ही बाजूंचे जुळायला वेळ लागतो, बहुसंख्य टिपा वाचकांपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि तोवर खोटे गावभर फिरून आलेले असते.

दूधगंगेवर लावून पाहिले तर

ही पद्धत इचलकरंजीच्या पाण्यावर कोणी लावलेली नाही, म्हणून निकाल काय येईल ते छातीठोक सांगता येणार नाही. पण कोणती विधाने मांडून पाहावीत हे सुचवता येते. 'सुळकूड योजना झालीच पाहिजे' आणि 'सुळकूड योजना रद्द झालीच पाहिजे' ही दोन विधाने दोन ढीग दाखवतील, त्यापलीकडे काही नाही. खरा उपयोग पुढच्यांचा :

'काळम्मावाडी धरणाची गळती पूर्ण काढल्याशिवाय नवीन पाणीवाटप ठरवू नये.'
'शहराने रोज किती सांडपाणी शुद्ध केले याचा आकडा दर महिन्याला काठच्या गावांना जाहीर व्हावा.'
'टंचाईच्या वर्षी आधी पिण्याचे, मग शेतीचे, मग कारखान्याचे पाणी, हा क्रम शहरालाही आणि कारखान्यांनाही बांधील असावा.'
'नदीकाठच्या उसाला पाटपाण्याऐवजी ठिबक केल्यास वाचलेले पाणी मोजून त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळावा.'

शेवटचे विधान आमच्या खात्याच्या जवळचे आहे हे कबूल. पण पाहा, यातील एकही विधान योजना व्हावी की होऊ नये हे सांगत नाही. ती प्रश्नाचे तुकडे करतात. मोळी एकदम उचलत नसेल तर सोडून दोन खेपांत न्यावी लागते.

धोके

सहकारात काम करणाऱ्याने नव्या यंत्राचे गुण सांगताना त्याची खोटही सांगितली पाहिजे. औषध फवारणीचे आपण तसेच करतो.

पहिली खोट अशी की ही व्यवस्था निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणाऱ्याला बांधतही नाही. व्ही-तैवानच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नव्हत्या. २०१८ नंतर त्या उपक्रमाचा जोर ओसरला. लोकांनी मन लावून मत द्यावे आणि ते फडताळात पडावे असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोणी येत नाही. तेव्हा आधी लिहून घ्यावे की यातून जे वर येईल त्याचे काय करणार.

दुसरी गोष्ट, हा आंदोलनाला पर्याय नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महामार्ग अडवला गेल्यावरच मागील हंगामाच्या फरकाचा तोडगा निघाला, हे या पत्रिकेच्या वाचकांना कोणी सांगायची गरज नाही. जेथे एका बाजूच्या हातात सगळी ताकद आहे तेथे दोघांनाही पटणारे शोधत बसणे म्हणजे ताकदवानाला आयता वेळ देणे होईल. दोन्ही बाजू तुल्यबळ आणि दोघांचीही गरज खरी, अशा तंट्याला हे औषध लागू पडते. दूधगंगेचा तंटा तसा आहे असे माझे मत आहे. दुसऱ्याचे वेगळे असू शकेल.

तिसरी, मोबाईल कोणाच्या हातात? सात-बारा आणि शेअर्स बाईच्या नावावर, फोन मालकाच्या खिशात, ही आपल्याकडची रीत. ऊसतोड मजूर, वाटेकरी, शेतमजूर यांची तर यादीतच नावे नाहीत, आणि नदीचे पाणी तेही पितात. त्यामुळे यंत्रात दिसणारे दोन गट म्हणजे सगळा समाज नव्हे. मातीचा नमुना घेताना बांधाकडेची, खताच्या ढिगाखालची माती घेऊ नका असे आम्ही वारंवार सांगतो. शेताच्या सगळ्या अंगांनी घेतली तरच अहवालाला अर्थ. येथेही तसेच.

चौथी खोट बनावट नावांची. एका माणसाने पन्नास खाती काढली तर गुणाकाराचा उपयोग काय? या बाबतीत सहकारी संस्थेची बाजू फेसबुकपेक्षा भक्कम आहे. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे एक सभासद, एक मत. शेअर्स कितीही असोत. आपल्याकडे सभासदांची नोंदवही आहे, क्रमांक आहेत. पण त्यातूनच पाचवी खोट निघते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. सभासद क्रमांक टाकून मत दिले तर कोणी काय म्हटले ते ऑफिसला कळणार नाही काय? 'विरोधात मत दिले तर तोड लांबेल' ही भीती खरी असो की खोटी, ती लोकांच्या मनात आहे, आणि भीतीच्या पोटी दिलेल्या उत्तरांचे कितीही गुणाकार करा, हाती काही लागणार नाही. उपाय असा की सभासद खरा आहे एवढे एका हाताने तपासावे, आणि उत्तरे दुसऱ्या हातात, म्हणजे कारखान्याबाहेरच्या एखाद्या महाविद्यालयासारख्या संस्थेकडे, नावाशिवाय जमा व्हावीत. तपासणाऱ्याला उत्तर दिसू नये आणि उत्तर पाहणाऱ्याला नाव.

सभेच्या आधीचा अभ्यास

कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, वार्षिक साधारण सभा घ्यावी लागते. ती कशी होते हे आपण जाणता. मंडपात हजारो सभासद, विषयपत्रिकेवर दहा-बारा विषय, एका अंगाने 'मंजूर, मंजूर', दुसऱ्या अंगाने 'नामंजूर', आणि ध्वनिक्षेपकाशी झटापट. या भागात काही मिनिटांत आटोपलेल्या सभांची बातमी दर वर्षी छापून येते. त्यात दोष माणसांचा कमी आणि रीतीचा जास्त आहे. हजारो माणसांनी एका दुपारी ऐकायचे, विचार करायचा आणि ठरवायचे, हे तिन्ही एकत्र होतच नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने ही तीन कामे वेगळी केली. तेथे अभ्यासगट वेगळा बसतो. त्याने माहिती काढायची, उलटसुलट बोलायचे, पण ठरवायचे नाही. ठरवते ती ग्रामसभा, आणि तीही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचेही पटले नाही तर विषय पुढच्या सभेला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क या गावाने मिळवला, तो अशा बैठकांच्या बळावर. गाव लहान म्हणून तेथे तोंडी जमते. आपली वस्ती हजारोंची. तेथे यंत्राची मदत घेतली तर ती याच जागी, अभ्यासगटाच्या जागी घ्यावी. सभेच्या जागी नाही.

गट बैठकीसाठी प्रात्यक्षिक

मोबाईल नसला तरी ही पद्धत एका गावात कागदावर करून पाहता येते. पन्नास-साठ माणसे पुरेत. विषय एकच घ्यावा. सुरुवातीला पाण्याच्या पाळीचा किंवा तोडणीचा बरा. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच विधान लिहावे. विधानात 'आणि' आला तर दोन चिठ्ठ्या कराव्यात, कारण अर्धे पटले आणि अर्धे पटले नाही तर माणूस उत्तर काय देणार? कोणाचे नाव, आडनाव, पक्ष विधानात नको. 'चिटबॉय पैसे खातात' हे विधान नव्हे, तक्रार झाली. 'तोडणीचा क्रम दर आठवड्याला गावात फलकावर लावावा' हे विधान झाले.

सारखी विधाने एकत्र करून वीस-पंचवीस ठेवावीत आणि प्रत्येकाला त्यांची यादी देऊन समोर पटते, पटत नाही, सांगता येत नाही, यांपैकी एक खूण करायला सांगावे. लिहिता न येणाऱ्यांना शाळेतल्या पोरांनी वाचून दाखवावे; घरच्या माणसाने नाही. कागदावर नाव घालू नये. शेत पाटाच्या तोंडाला आहे की शेपटाला, एवढे फक्त लिहावे. मग दोन ढीग करून प्रत्येक विधानाचे दोन्ही ढिगांतले प्रमाण काढावे आणि वर दाखवल्याप्रमाणे गुणावे. बेरजेने लावलेली यादी आणि गुणाकाराने लावलेली यादी शेजारी शेजारी फळ्यावर लिहावी. दोन्हींत वरची पाच विधाने कोणती, त्यांत किती सारखी निघतात, आणि तोंडाकडच्या व शेपटाकडच्या मंडळींना त्यांतले कोणते पाहून आश्चर्य वाटले, याची टिपणे गट ऑफिसला आणून द्यावीत. पुढील अंकात जागा मिळाली तर ती छापू.